दप्तर, टपाल आणि शोध : पत्रांच्या ढिगातून इतिहास निवडताना



आंबिवलीत व्याख्यान, व्याख्यान इतिहासाचे, आणि विषय काय, तर काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून ई-मेलच्या ढिगातून हवी ती पत्रे शोधणे आणि निवडणे. नाव ऐकून काही जण आमच्याकडे जरा संशयाने बघत होते. तत्त्वज्ञानाचा माणूस संगणकाबद्दल काय सांगणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण शोधणे म्हणजे काय, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात तो असा येतो : जे माहीत नाही ते शोधणार कसे? समोर आले तरी ते हेच, हे ओळखणार कसे? आणि जे माहीत आहे ते शोधायचे कशाला? प्लेटोने त्यावर आपले उत्तर दिले. आमच्या पिढीने आणि तुमच्या पिढीने या कोड्याचे रूपांतर एका चौकटीत केले आहे. चौकटीत शब्द टाका, कळ दाबा, उत्तर घ्या. कोडे मात्र सुटलेले नाही, ते त्या चौकटीच्या मागे जाऊन बसले आहे. आज आपण त्याला पुढे ओढून आणू.

सुरुवात जुन्या पत्रांपासून करू. पुण्यातल्या पेशवे दप्तरात सुमारे ३५ हजार रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. बहुतेक मजकूर मोडीत. इंग्रजी अमलात हे दप्तर कित्येक वर्षे अभ्यासकांना जवळपास बंदच होते. पुढे सरकारने रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडीचे काम सोपवले. त्यातून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड निघाले. जदुनाथ सरकारांचा सल्ला त्यांच्या पाठीशी होता. आता गणित बघा. एकीकडे हजारो रुमाल, दुसरीकडे ४५ खंड. या दोहोंच्या मध्ये जे घडले ती निवड. आपल्या भागाशी जवळचा विषय घ्यायचा, तर १७३७ साली ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे आला आणि १७३९ मध्ये वसई पडली. त्या मोहिमेचा पत्रव्यवहार या खंडांत छापलेला आहे. आज कल्याण-ठाण्याच्या इतिहासावर लिहिणारा माणूस आधी त्या छापील खंडाकडे जातो, रुमालाकडे क्वचित जातो. म्हणजे १९३० च्या दशकात जे निवडले गेले, त्याच्यावर आजचे लेखन उभे आहे. निवड चांगली होती याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ती निवड होती, एवढे विसरू नये.

आता त्या पत्राचा घाट बघा. वर मायना : कोणी, कोणाला. मग 'विनंति उपरी'. मग बहुधा आधीच्या पत्राची पोच : तुमचे पत्र पावले, मजकूर कळला. मग खरा मजकूर. कुठे तरी 'छ' या खुणेपुढे मुसलमानी महिन्याची तारीख. शेवटी 'हे विनंति'. गंमत अशी, की पुष्कळ पत्रांत महिना आणि दिवस आहेत, पण सालाचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते, लिहायचे कशाला? राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली. तेव्हापासून मराठी संशोधकांची निम्मी शक्ती या एका कामात गेली आहे : पत्राला साल लावणे. मजकुरातले लढाईचे उल्लेख, मृत्यूच्या बातम्या, पावसाळा, यांवरून साल ठरवायचे. ज्याला साल नाही ते पत्र क्रमात बसत नाही, आणि क्रमात न बसलेले पत्र शोधात सापडत नाही.

आता ई-मेल उघडा. वर कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय. आधीच्या कोणत्या पत्राचे हे उत्तर आहे, त्याची खूण. मग एक मोकळी ओळ. त्या मोकळ्या ओळीखाली मजकूर. १९८२ साली या रचनेचे नियम लिहून पक्के झाले, आणि तो सांगाडा आजही तसाच आहे. वरच्या भागाला हेडर म्हणतात, आपण त्याला मायनाच म्हणू या. पेशव्यांच्या चिटणिसाला जे लिहायचा कंटाळा होता, ते साल-तास-मिनिट इथे यंत्र स्वतः लिहिते. इतिहासकाराच्या दृष्टीने ही केवढी चैन आहे, बघा!

आपल्याकडे हे टपाल आले कधी? १९८६ साली अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था त्यात होती. पुढच्याच वर्षी जुहू आणि पवई यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली. सामान्य माणसासाठी दार उघडले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने. त्यातले स्वस्त खाते म्हणजे 'शेल' खाते. चित्र नाही, रंग नाही, नुसती अक्षरे. मोडेम किंचाळायचा, मग काळा पडदा यायचा आणि त्यावर 'पाइन' नावाचा कार्यक्रम. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या ई-मेलवाल्यांनी आज्ञा टंकूनच टपाल वाचले. आज ज्याला तज्ज्ञांची विद्या म्हणतात, ती तेव्हा गरिबाची सोय होती.

त्या काळ्या पडद्यावर शोधासाठी जो शब्द टंकतात तो 'ग्रेप'. द्राक्ष नव्हे, बरं का! युनिक्स या प्रणालीत 'एड' नावाचा मजकूर दुरुस्त करण्याचा कार्यक्रम होता. त्यात 'सगळीकडे, अमुक नमुना, छापा' अशी आज्ञा देता यायची. तिची आद्याक्षरे जी, आर-ई, पी. ती जोडून झाले ग्रेप. केन थॉम्पसन यांनी हा कार्यक्रम लिहिला आणि १९७३ साली तो युनिक्सबरोबर बाहेर आला. ब्रायन केर्निघन यांनी सांगितलेली त्यामागची हकीकत इतिहासवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन यांना 'फेडरॅलिस्ट' निबंध तपासायचे होते. अमेरिकेची राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून १७८७-८८ मध्ये लिहिलेले हे ८५ निबंध. तिघांनी लिहिले आणि सगळ्यांखाली एकच टोपणनाव घातले. त्यातल्या डझनभर निबंधांचा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, हा वाद होता. शब्दांच्या वापरावरून लेखक ओळखावा, असा विचार. पण तेव्हाच्या यंत्राची स्मृती इतकी थोडी, की एवढा मजकूर 'एड'मध्ये मावेना. म्हणून शोधण्याचे काम वेगळे काढून स्वतंत्र कार्यक्रम झाला, आणि तो फाइल एका वेळी एक ओळ वाचत पुढे जाऊ लागला. म्हणजे जगभरच्या संगणकांवर रोज चालणाऱ्या या हत्याराच्या मागे एक ऐतिहासिक प्रश्न उभा आहे : हे कोणी लिहिले?

एक ओळ वाचायची, नमुना जुळला तर दाखवायची, नाही तर पुढे. इतके साधे काम. त्याच सुमारास युनिक्समध्ये 'पाइप' आला. पडद्यावर एक उभी रेघ टंकायची, की डावीकडच्या कार्यक्रमाने निवडलेले उजवीकडच्याला मिळते. आधी 'वसई' असलेल्या ओळी काढा, उभी रेघ, त्यातून 'गलबत' असलेल्या ओळी काढा, उभी रेघ, मोजा. धान्य पाखडण्यासारखेच. आधी चाळणी, मग सूप, मग हाताने खडे वेचणे.

आता आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. जगात सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला खऱ्या ई-मेलचा संग्रह कोणता? एन्रॉनचा. होय, तीच एन्रॉन. गुहागर तालुक्यातल्या वीज प्रकल्पाची.

थोडी उजळणी. जून १९९२ मध्ये समझोता झाला, डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो पुन्हा जिवंत झाला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तिकडे कॅलिफोर्नियाच्या वीजबाजारात झालेल्या लबाड्यांची चौकशी अमेरिकेचा संघीय ऊर्जा नियामक आयोग करत होता. त्यासाठी त्याने कंपनीच्या माणसांच्या टपालपेट्या ताब्यात घेतल्या आणि २००३ साली त्या जनतेसाठी खुल्या केल्या. पुढे विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो ढीग नीट लावला. आज जो संग्रह सगळे वापरतात, त्यात सुमारे १५० जणांची, मुख्यतः वरिष्ठ अधिकाऱ्यांची, सुमारे ५ लाख पत्रे आहेत. प्रत्येक माणसाची एक पेटी, पेटीत कप्पे, कप्प्यात प्रत्येक पत्राची वेगळी साधी फाइल. रुमालच म्हणा ना. फरक एवढाच, की हे रुमाल तुम्ही घरी आणू शकता.

समजा आंबिवलीतल्या एखाद्या मुलीने ठरवले, की एन्रॉनच्या पत्रांतून कोकणातल्या या प्रकल्पाची हकीकत काढायची. पहिले पाऊल : 'दाभोळ' हा शब्द इंग्रजीत टंकायचा आणि ग्रेपला सांगायचे, सगळ्या पेट्यांत बघ, लहान-मोठ्या लिपीचा भेद करू नकोस, ओळी दाखवू नकोस, ज्या फाइलींत शब्द आहे त्यांची फक्त नावे दे. क्षणभरात यादी येते. मुलगी खूश. आम्ही मात्र तिला तिथेच थांबवू.

पहिली गोष्ट, ग्रेपला ओळ कळते, पत्र कळत नाही. दोन शब्दांचे नाव असेल, पहिला शब्द ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीत गेला असेल, तर जोडशब्दाचा शोध रिकामा जातो. दुसरी गोष्ट, मायना कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला, हेही त्याला कळत नाही. 'इंडिया' हा शब्द कोणाच्या पत्त्यात आहे, विषयात आहे की मजकुरात आहे, सगळे त्याला सारखेच. तिसरी गोष्ट, उत्तर देताना माणसे आधीचे सगळे पत्र खाली चिकटवून पाठवतात. एकच वाक्य दहा पत्रांत दिसते. शिवाय एकच पत्र पाठवणाऱ्याच्या पेटीत आणि घेणाऱ्याच्याही पेटीत. मोजणी केली तर फुगलेली. म्हणून पाठवणारा, तारीख आणि मजकूर ताडून प्रती बाजूला काढाव्या लागतात. आमचे मोडीवाले हेच करत. मूळ पत्र, नक्कल आणि मसुदा वेगळे ओळखत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती नावाची आहे. दाभोळ हे गाव दापोली तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तर काठावर. प्रकल्प कुठे? दक्षिण काठावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल आणि वेलदूरच्या बाजूला. कंपनीने नाव घेतले पलीकडच्या काठाचे. म्हणून कंपनीच्या पत्रांत 'दाभोळ' किंवा कंपनीच्या नावाची तीन आद्याक्षरे शोधायची. कोकणातला माणूस म्हणणार 'एन्रॉन' किंवा 'वेलदूर'. एन्रॉनच्याच पत्रांत 'एन्रॉन' शोधून काय हाती लागणार? सगळाच ढीग! एकाच कारखान्याची दोन काठांवर दोन नावे. कोणाचे नाव घेऊन तुम्ही शोधायला निघता, त्यावर कोणाची हकीकत हाती लागते ते ठरते.

इथे आमचे न्यायशास्त्र फार उपयोगी पडते. लक्षण, म्हणजे एखादी वस्तू ओळखण्याची खूण, तीन प्रकारे बिघडते. गाय म्हणजे शिंगे असलेला प्राणी, असे म्हटले तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असे म्हटले तर पांढऱ्या गाई बाहेर राहतात. ही अव्याप्ती. आणि गाय म्हणजे अखंड खुराची, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. संगणकाला दिलेला शोधशब्द हे त्या पत्रांचे लक्षणच असते. 'इंडिया' टाकला तर अतिव्याप्ती. 'दाभोळ' एवढाच टाकला तर अव्याप्ती. 'वेलदूर' चुकीच्या स्पेलिंगने टाकला तर असंभव. माहितीशास्त्रात पाश्चात्त्यांनी याच दोन मापांना नावे दिली आहेत : सापडलेल्यांपैकी कामाचे किती, आणि कामाच्यांपैकी सापडले किती. पहिले माप डोळ्यांना दिसते. दुसरे दिसत नाही, कारण जे सापडलेच नाही ते मोजणार कसे? पुन्हा मेनोचे कोडे.

हे नुसते पुस्तकी नाही. १९८५ साली ब्लेअर आणि मॅरन या दोन अभ्यासकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या रेल्वेच्या अपघाताचा खटला होता. सुमारे ४० हजार दस्तऐवज, साडेतीन लाखांच्या आसपास पाने, सगळी संगणकात. वकिलांची अट होती, की कामाचे निदान ७५ टक्के कागद सापडले पाहिजेत. शोधता शोधता त्यांची खात्री पटली की तेवढे सापडले. अभ्यासकांनी न सापडलेल्या ढिगातून नमुने काढून तपासले तेव्हा कळले, की प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच सापडले होते. कारण काय? ज्यांना अपघात जड जाणार होता, ते आपल्या पत्रांत 'अपघात' लिहीतच नव्हते. कोणी 'घटना' लिहिले, कोणी 'परिस्थिती', कोणी 'दुर्दैवी प्रसंग'. यंत्राने चूक केली नव्हती. सांगितलेला शब्द त्याने इमानाने शोधला. माणसे मात्र एका गोष्टीला आपापल्या हिताचे नाव देतात.

मंडळी, आपण रोज लोकलने जाणारी माणसे. गाडी एक तास उभी राहिली तर डब्यातला माणूस काय म्हणतो आणि फलाटावरची घोषणा काय म्हणते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

आता मराठीकडे येऊ, कारण इथे आपले दुखणे वेगळे आहे. 'आंबिवली' हा शब्द ग्रेपने तुमच्या मराठी ई-मेलच्या साठ्यात शोधा. पुष्कळदा उत्तर येईल : काही नाही. पत्र समोर दिसते आहे, गावाचे नाव वाचता येते आहे, आणि शोध म्हणतो नाही! असे का? ई-मेलची जुनी वाट फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली होती. देवनागरी त्या वाटेने न्यायची, तर तिला इंग्रजी अक्षरांचा बुरखा घालावा लागतो. या वेषांतराचे एक नाव 'बेस-सिक्स्टीफोर'. आजच्या युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीची एकेक खूण तीन बाइट घेते. 'आंबिवली'त अशा खुणा सात, म्हणजे २१ बाइट. वेषांतरात त्यांची २८ इंग्रजी अक्षरे होतात. आणि शब्दाच्या आधी किती मोकळ्या जागा व इंग्रजी चिन्हे आली, त्यावर ती अक्षरेही बदलतात. ग्रेप बुरख्याकडे बघतो, आतल्या माणसाकडे नाही. विषयाच्या ओळीचेही तेच.

म्हणून ज्यांना आपले टपाल खरोखर शोधायचे आहे, त्यांनी पत्र ओळखणारी हत्यारे वापरावीत. 'नॉटमच' हा कार्यक्रम २००९ च्या अखेरीस आला, 'म्यू' नावाचा दुसरा आहे. ते आधी प्रत्येक पत्राचा बुरखा काढतात, मायना आणि मजकूर वेगळा करतात, शब्दांची सूची बनवतात. ग्रंथाच्या शेवटी सूची असते ना, तशी. मग तुम्ही म्हणायचे : अमक्याकडून आलेले, विषयात 'थकबाकी' असलेले, २०१० ते २०१२ मधले. पत्रे जागची हलवली जात नाहीत, त्यांची यादी मिळते. नॉटमचमध्ये त्या यादीला एक चिठ्ठी लावता येते, 'भविष्यनिर्वाह' म्हणून. एकाच पत्राला पाच चिठ्ठ्या लागू शकतात. रुमालात हे शक्य नव्हते. तिथे कागद एकाच गठ्ठ्यात राहणार.

पण तरीही मराठी ती मराठीच. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. हा अर्धा र संगणकात किमान दोन रीतींनी लिहितात. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन. एका रीतीने शोधले तर दुसऱ्या रीतीचे पत्र राहून जाते. त्यातून कोणी 'आंबिवली' लिहितो, कोणी 'अंबिवली', कोणी रोमन लिपीत, आणि तीही दोन-तीन प्रकारे. शिवाय युनिकोड रुळण्याच्या आधीची पत्रे! तेव्हा प्रत्येक फॉन्टची लिपी निराळी. तो फॉन्ट संगणकावर नसेल, तर आज ती पत्रे म्हणजे विचित्र चिन्हांचा चिवडा. मोडी वाचणारे अजून मिळतात. त्या फॉन्टचे पत्र वाचणारा उद्या मिळेल का, याची आम्हाला जास्त काळजी वाटते.

आता दुसरी बाजू. एन्रॉनच्या त्या ५ लाख पत्रांत तुम्ही कितीही कुशलतेने शोधा, एक आवाज तुम्हाला त्यात सापडणार नाही. वेलदूरच्या कोळणीचा. ३ जून १९९७ रोजी वेलदूरमध्ये पहाटे पोलीस शिरले, बायकांनाही मारहाण झाली आणि त्यांना पकडून नेले. न्यूयॉर्कच्या ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली एन्रॉन आणि या प्रकल्पावर स्वतंत्र अहवाल काढला, त्यात हे नोंदलेले आहे. त्या बायकांनी ई-मेल लिहिली नव्हती. ज्या दीडशे माणसांच्या पेट्या जप्त झाल्या, त्यात त्यांची पेटी असण्याचा प्रश्नच नाही. त्यांचा शोध घ्यायचा, तर अहवालांत, न्यायालयाच्या कागदांत, वर्तमानपत्रांत, आणि वेलदूरला जाऊन माणसांच्या तोंडून. शोधशब्दाच्या आधी एक निवड झालेली असते : कोणी लिहिले, कोणाचे ठेवले गेले. पेशवे दप्तरालाही हेच लागू आहे. वसईच्या मोहिमेत सरदारांची पत्रे आहेत. मचव्याच्या तांडेलाचे पत्र किती वेळा दिसते?

आणि उलटही आहे. त्या एन्रॉनच्या पेट्यांत घोटाळ्याशी ज्यांचा काही संबंध नाही, अशा माणसांच्या घरगुती गोष्टी आहेत. आजारपण, भांडणे, मुलांच्या शाळा. त्यांना कोणी विचारले नव्हते. पुढे काहींच्या विनंतीवरून काही पत्रे काढली गेली. जोडलेल्या फाइलीही या संग्रहात नाहीत. म्हणजे आज जो ढीग आहे, तोही छाटलेला आहे, आणि काही छाटणी न्याय्य आहे. अभ्यासकाने दोन्ही लक्षात ठेवावे. हाती आले म्हणून सगळे छापायचे नसते, आणि छापलेले म्हणजे सगळे नसते.

हे सगळे आंबिवलीत का सांगायचे? या स्टेशनाशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे, त्यांना एनआरसी ही तीन अक्षरे समजावून सांगावी लागत नाहीत. मोहन्याचा तो कारखाना २००९ मध्ये बंद पडला. हजारो कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला. कारखाना बंद पडतो तेव्हा त्याचे दप्तरही अनाथ होते. हजेरीपट, पगारपत्रके, नोटिसा, युनियनचा पत्रव्यवहार. १९९५ च्या आधीचे कागदावर, नंतरचे निम्मे कागदावर आणि निम्मे कोणाच्या तरी ई-मेलच्या खात्यात. कोणत्याही बंद कारखान्याच्या बाबतीत हे असेच आहे. त्या खात्याचा मालक निवृत्त झाला, वारला, पासवर्ड कोणाला ठाऊक नाही. कंपनीचे खाते असेल, तर ज्या दिवशी कंपनीने पैसे भरणे थांबवले त्या दिवशी ते मिटले. वाळवीला रुमाल खायला दहा वर्षे लागतात. खाते मिटायला एक दिवस पुरतो.

आणि हा प्रश्न उद्याच्या इतिहासकारापुरता नाही, तो आजच्या माणसाच्या हक्काचा आहे. न्यायालयात ई-मेल पुरावा म्हणून दाखवायची, तर नुसती छापील प्रत पुरत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली त्यासोबत दाखला लागायचा. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, जुलै २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ही अट पक्की केली. मूळ यंत्रच न्यायालयासमोर आणता आले तर गोष्ट निराळी. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ही तरतूद आहे. तेव्हा मायन्यासकट मूळ पत्र जपणे याला फार किंमत आहे. पत्र दुसऱ्याला पुढे पाठवले म्हणजे जपले, असे होत नाही. पुढे पाठवताना मूळ मायना गळतो.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. एक, आपल्या खात्यातले सगळे टपाल वर्षातून एकदा पूर्ण उतरवून घ्या, मायन्यासकट, साध्या फाइलींत. मोठ्या सेवा ही सोय देतात. बहुधा एक लांबलचक फाइल मिळते, तिला 'एमबॉक्स' म्हणतात. ती आणखी तीस वर्षांनीही वाचता येईल, कारण ती नुसती अक्षरे आहेत. तिची एक प्रत घराबाहेरही ठेवा. दोन, शोधताना आपला शब्द लिहून ठेवा. कोणता शब्द टाकला, कोणत्या तारखा घातल्या, किती पत्रे आली, त्यांतली किती ठेवली. काळ्या पडद्याचा मोठा गुण हाच, की टंकलेली आज्ञा जशीच्या तशी नोंदवता येते. दुसरा माणूस तीच आज्ञा देऊन तुमची निवड तपासू शकतो. सरदेसायांनी ४५ खंडांत काय घेतले ते आपल्याला दिसते. कोणता रुमाल उघडून परत बांधला, ते दिसत नाही. आपण ते दाखवू शकतो. तीन, दुसऱ्या बाजूचा माणूस याच गोष्टीला काय म्हणाला असता, याची यादी करून ते शब्दही टाकून बघा. तुम्ही 'टाळेबंदी' म्हणता, समोरचा 'काम तात्पुरते स्थगित' म्हणतो. तुम्ही 'थकबाकी' म्हणता, तो 'वादग्रस्त दायित्व'. त्याचा शब्द घेऊन गेल्याशिवाय त्याची पत्रे हाती लागायची नाहीत.

इथे कोणी तरुण म्हणेल, सर, आता यंत्र अर्थही ओळखते, 'अपघात' टाकले की 'दुर्दैवी प्रसंग'ही आणून देते. खरे आहे, आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. फक्त ते कशाला काय समजले, हे त्याला विचारता आले पाहिजे. ग्रेपची मर्यादा तुम्हाला एका ओळीत समजते. हुशार यंत्राची मर्यादा समजायला फार वेळ लागतो, आणि तोवर निवड होऊन गेलेली असते. हुशार यंत्राला सोबतीला घ्या, पण मोजायला साधे यंत्र जवळ असू द्या.

या भागातल्या ज्यांच्याकडे युनियनची जुनी पत्रे असतील, कागदावर किंवा खात्यात, त्यांनी ती टाकू नयेत. आधी एक साधी यादी करा : पत्र कोणाचे, कोणाला, तारीख काय. साल नक्की घाला! जे साल आज तुम्हाला पाठ आहे, ते तीस वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही. यादी झाली की ती दोघा-तिघांकडे ठेवा. पत्रे खासगी असतील तर यादीही जपून.

एवढे बोलून आम्ही थांबतो. प्रश्नांसाठी अर्धा तास आहे. कसाऱ्याकडे जाणाऱ्यांना गाडी गाठायची असेल, म्हणून त्यांचे प्रश्न आधी घेऊ.